दाणा टाकणारा हात

परमार्थाच्या वाटेने चालणाऱ्या संसारी माणसाला मोठ्या प्रश्नांपेक्षा लहान प्रश्नच अधिक अडवितात. ब्रह्म म्हणजे काय, माया म्हणजे काय, याची उत्तरे कीर्तनात मिळतात, प्रवचनात मिळतात, आणि ऐकून मनाचे समाधानही होते. परंतु देवळातून घरी येऊन पाहावे तो परसात कोंबडी आपली पिल्ले घेऊन हिंडत असते, आणि तिच्याविषयी आपला धर्म काय, हे कोणी सांगितलेले नसते. माळकऱ्याच्या घरी कोंबडी असावी काय? असली तर तिच्यावर माया करावी काय? आणि माया केल्यावर तिला विकावी काय? पहिल्या ऐकण्यात प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो. पण ज्या बाईने गळ्यात तुळशीची माळ घातली आहे आणि जिच्या घरात मीठ-मिरची अंड्यांच्या पैशांवर येते, तिला विचारा. तिला हसू येणार नाही.

आपल्या नगर जिल्ह्याचेच पाहू. २०२४ सालापासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले. अकोल्याच्या डोंगरात पाऊस उतू जातो, आणि पारनेर, पाथर्डी, जामखेडकडे पावसाची वाट पाहण्यात माणसाचा अर्धा जन्म जातो. एकाच जिल्ह्यात दोन देश म्हणावेत असे अंतर. पण दोन्हीकडच्या परसात खुराडे मात्र सारखेच. गाय ठेवायला कडबा लागतो, शेळी ठेवायला कोणीतरी मागे फिरावे लागते. कोंबडी मूठभर कण्या, उकिरड्यातले किडे आणि मळणीला सांडलेले दाणे यांवर आपले पोट आपण भरते. ज्या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तिच्या मालकीचे या जगात काय असेल तर चार कोंबड्या. दुधाचे पैसे डेअरीच्या खात्यात मालकाच्या नावे जमा होतात. अंड्यांचे पैसे बाईच्या कनवटीला लागतात. पोराची वही, लेकीच्या हातातल्या बांगड्या, आणि पंढरीला जाताना एसटीचे भाडे, हे त्याच कनवटीतून निघते.

म्हणून ती कोंबड्यांना नावाने ओळखते. काळी, कवडी, तुरेवाली, उलट्या पिसांची. दिवस मावळला की खुराड्याच्या तोंडाशी बसून मोजते. एक कमी भरली तर बॅटरी घेऊन घाणेरीच्या जाळीत शोधायला जाते, कारण मुंगसाला आणि रानमांजराला रात्र कळते. मानमोडीची साथ आली तर लसीसाठी जनावरांच्या दवाखान्यात खेटे घालते. ज्या घरात सून सासूशी धड बोलत नाही, त्या घरात म्हातारी कोंबडीशी बोलते. "आलीस का गं बया? कुठं उलथली होतीस दिवसभर?" असे विचारते, आणि कोंबडीही मान वाकडी करून ऐकून घेते. हे प्रेम नव्हे असे म्हणण्याचे धाडस निदान आमच्याच्याने होत नाही.

कोणी म्हणेल, प्रेम एकाच बाजूचे आहे. कोंबडीला दाण्यापलीकडे काय कळते? तर खुडूक बसलेली कोंबडी पाहावी. एकवीस दिवस ती अंड्यांवरून क्षणभरच उठते, दोन दाणे टिपते, पाणी पिते, परत बसते. दिवसातून कितीतरी वेळा चोचीने अंडी फिरवून सगळ्यांना सारखी ऊब देते. शेवटच्या दिवसांत कवचाच्या आतून पिलाचा चिवचिवाट येऊ लागतो आणि ती बाहेरून हळू आवाजात त्याला ओ देते. म्हणजे जन्मापूर्वीच आईची आणि लेकराची बोलाचाली सुरू झालेली असते. घार आकाशात दिसली की एकाच हाकेत सगळी पिल्ले पंखाखाली. २०११ साली इंग्लंडातील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे दाखविले की, पिलांवर वाऱ्याचा नुसता झोत सोडला तरी ते पाहणाऱ्या आईच्या काळजाचे ठोके वाढतात. झोत तिच्या अंगावर नसतो, तरी वाढतात. आपल्या आयाबायांना हे यंत्र लावून सांगावे लागत नव्हते. पण ज्यांना यंत्राशिवाय पटत नाही, त्यांच्यासाठी सांगितले.

आता या जिवाला आपल्या समाजाने काय दिले ते पाहू. बैलाला पोळा आहे. गाईला वसुबारस आहे. चावणाऱ्या नागालासुद्धा नागपंचमी आहे. आमच्या माउलींनी ज्या रेड्याच्या मुखी वेद बोलविले, त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे येथे आहे, आणि नगर-कल्याण रस्त्याने जाणारा भाविक तेथे हात जोडतो. कोंबडीला मात्र एकही सण नाही. तिची आठवण होते ती जत्रेत, नवसात, जावई आला म्हणजे, आणि आखाडात. आणि आषाढ तर आपला वारीचा महिना! पिंपळनेराहून निळोबारायांची पालखी निघते, त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी याच जिल्ह्यातून पंढरीस जाते. वारकरी एकादशी साधतो, पौर्णिमेचा काला घेतो आणि परत फिरतो. तो घरी पोचतो तेव्हा वद्य पक्ष लागलेला असतो आणि गावात आखाड चालू असतो. श्रावण लागायच्या आत खाऊन घ्यायचे म्हणून घरोघर खुराडी रिकामी होत असतात. एकाच महिन्याच्या एका पक्षात आपण देवाला भेटतो, आणि दुसऱ्या पक्षात दारातली काळी आणि कवडी दिसेनाशा होतात. हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

या प्रश्नावर लोक साधारणपणे तीन उत्तरे देतात. तिन्ही तपासून पाहू.

पहिले उत्तर खाणाऱ्याचे. "कोंबडी असतेच खाण्यासाठी. कोणी खाल्ली नसती तर कोणी पाळलीही नसती." हे उत्तर फार ठिकाणी चालते, पण इतिहास त्याला साक्ष देत नाही. कोंबडी मूळची रानातली. तांबड्या रानकोंबडीपासून ती माणसाळली. भाताची शेती सुरू झाली, सांडलेल्या दाण्यांसाठी रानपाखरू माणसाच्या वस्तीजवळ आले आणि तिथेच राहिले, असे अलीकडचे संशोधक म्हणतात. आग्नेय आशियात, आजच्या थायलंडात, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची त्याची खूण सापडली आहे. पुढे ती युरोपात गेली, तेव्हा कित्येक ठिकाणी लोक तिला मारून खात नव्हते. म्हातारी होऊन मेलेल्या कोंबड्या आणि कोंबडे अखंड पुरलेले सापडतात. रोमचा सेनापती सीझर याने ब्रिटनमधल्या लोकांविषयी लिहून ठेवले आहे की, ते कोंबडा खाणे गैर मानतात आणि हौसेने पाळतात. म्हणजे पाळणे आधीचे आणि खाणे मागाहूनचे, असे निदान काही देशांत तरी घडले आहे. माणसाची आणि या पाखराची ओळख दाण्यावरून झाली.

दुसरे उत्तर माळकऱ्याचे, आणि ते आपल्या जवळचे म्हणून अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. "मी माळ घातली, मी खात नाही, मला दोष नाही. विकली ती मी. कापली ती घेणाऱ्याने." बाजारच्या आदल्या दिवशी सायकलवर डालगे बांधून कोंबडीवाला येतो, पाय बांधून उलटी टांगतो, वजन करतो, पैसे मोजतो. विकणाऱ्याने रक्त पाहिलेले नसते. पण रक्त न पाहणे आणि रक्त न सांडणे या दोन गोष्टी एक आहेत काय? आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या तेराव्या अध्यायात माउलींनी अहिंसेचे व्याख्यान केले आहे, ते नीट वाचावे. तेथे माउली नुसती अहिंसा वाखाणीत नाहीत. हिंसा करून वर तिला अहिंसेचे नाव देणारे जे जे मार्ग आहेत, त्यांचे सोंग ते आधी उघडे करतात. मग यज्ञाचे निमित्त असो की औषधाचे. त्याच न्यायाने आपण आपल्याला विचारावे, की माळ हे निमित्त तर झालेले नाही ना? कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. पाप पैशाच्या नोटेत गुंडाळून दुसऱ्याच्या हातात दिले म्हणजे ते त्याचेच झाले, असे देवाच्या दारी चालत नसावे.

तिसरे उत्तर विरक्ताचे. "पाळूच नये आणि मायाही लावू नये. ममता हेच बंधन." त्यासाठी भागवतातल्या भरत राजाचा दाखला देतात. राज्य सोडून वनात गेला, नदीतून वाहत चाललेले हरिणाचे पाडस वाचविले, त्यात जीव गुंतला, अंतकाळी त्याचेच ध्यान लागले आणि पुढच्या जन्मी हरीण व्हावे लागले. दाखला खरा आहे. पण भरत पाडस वाचविल्यामुळे अडकला की "हे माझे" म्हटल्यामुळे अडकला? वाचविणे ही दया. "माझे" म्हणणे ही ममता. ममतेला वस्तू हवी असते. तिची किंमत आली की ती विकतेही, आणि विकून रडतेही. दया म्हणते, हा जीव माझ्या भरवशावर आहे, म्हणून मी याचा देणेकरी. नामदेवराय तुपाची वाटी घेऊन कुत्र्याच्या मागे धावले, नाथांनी कावडीतली गंगा तहानेल्या गाढवाच्या तोंडात ओतली. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादच्या महिपतीबुवांनी अशा कथा भक्तविजयासारख्या ग्रंथांतून घरोघर पोचविल्या. त्या कथांत संतांनी कुत्र्याला किंवा गाढवाला आपले करून घेतले नाही. त्याच्या भुकेला, तहानेला ते बांधले गेले, इतकेच. विरक्ताचे उत्तर ममतेवर लागू पडते, दयेवर नाही.

मग खरी गाठ कोठे आहे? आमच्या समजुतीने ती विश्वासात आहे. संध्याकाळी बाई हातात कण्या घेऊन "तीऽ तीऽ तीऽ" करते आणि कोंबड्या पंख फडफडवीत धावत येतात. ही हाक म्हणजे दिलेला शब्द आहे. रानातले पाखरू माणसाच्या हाकेला येत नाही; हे येते, कारण त्याच्या किती पिढ्यांना त्या हाकेने दाणाच मिळाला. आणि ज्या दिवशी गिऱ्हाईक दारात उभे असते, त्या दिवशीही तीच हाक घातली जाते, तोच हात पुढे होतो, आणि दाणा टिपायला वाकलेली मान धरली जाते. मरण तर सर्वांनाच आहे. घारीच्या पंजातही आहे. पण घारीने कधी दाणा टाकला नव्हता. त्या हाकेच्या वेळी बाईच्या मनात जे कालवते, त्याला दुबळेपणा म्हणू नये. ती तिच्या दयेची साक्ष आहे.

ही साक्ष पैशाने मिटत नाही, हे रोगाच्या दिवसांत दिसले. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशात पहिल्यांदा कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला आणि लाखो पक्षी मारावे लागले. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला तो आला, तेव्हा एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारण्याचा हुकूम झाला, पोल्ट्रीतल्या तशाच परसातल्या. सरकार अशा वेळी भरपाई देते. पण भरपाई संख्येची मिळते. काळीची आणि कवडीची मिळत नाही. तसली हत्या माणसांचे प्राण वाचविण्यासाठी करावी लागते, तिचा दोष पाळणाऱ्यावर नाही. तरी रिकाम्या खुराड्याकडे पाहून बाईचा घास घशात अडकतो, तो किमतीसाठी अडकत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या घरात चूल त्या विक्रीवर पेटते, त्या घराला पापी म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसाला अहिंसा शिकवू नये. आणि दुसरेही पाहावे. शहरातला मनुष्य पोल्ट्रीची कोंबडी खातो, तिला त्याने दाणा टाकलेला नसतो, म्हणून त्याचा विश्वासघात झाला नाही असे त्याला वाटते. ती कोंबडी सहा-सात आठवड्यांत वाढवून कापलेली असते; अंड्याची असली तर पंख पसरता येणार नाहीत अशा पिंजऱ्यात जन्म काढून वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. तेथे हाक नाही, नाव नाही, म्हणून रडणेही नाही. रडावे लागत नाही म्हणून पाप हलके झाले, असा हिशेब कोणी करू नये. त्यापेक्षा विकताना जिचे डोळे भरून येतात ती आमची परसातली बाई देवाच्या अधिक जवळ आहे.

पण डोळे भरून येणे पुरेसे नाही. आणि येथे थोडा व्यवहाराचा विचार करावा, म्हणजे वाट सापडते. खुडूक कोंबडीखाली बारा अंडी मांडली आणि दहा पिल्ले निघाली, तर त्यांतली अर्धी नर असणार. नर अंडी घालीत नाहीत. पाच कोंबडे एका परसात नांदत नाहीत, एकमेकांना रक्तबंबाळ करतात. म्हणजे ज्या दिवशी आपण कौतुकाने अंडी मांडली, त्याच दिवशी चार कोंबड्यांना बाजाराची वाट लावून ठेवली. अंड्याच्या जातीच्या मोठ्या उबवणी केंद्रांत तर नर पिल्ले पहिल्याच दिवशी मारून टाकतात. हिंसा सुरीपाशी सुरू होते असे आपण समजतो. ती त्या टोपल्यात सुरू होते, जेथे आपण हिशेब न करता अंडी मांडतो. आपण दया शेवटी शोधतो, म्हणून ती फक्त रडण्याच्या रूपाने सापडते. ती आरंभी शोधली पाहिजे.

म्हणून माळकऱ्यांच्या घरासाठी चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. ज्यांना पटतील त्यांनी घ्याव्यात.

जेवढी पिल्ले जन्मभर सांभाळता येतील तेवढीच अंडी मांडावीत. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते, ती उबत नाहीत इतकेच. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, आणि तेवढ्यावर कनवटीचे पैसे चालत असतील तर खुराडे वाढविण्याचा लोभ धरू नये.

कोंबडी नवसाला बोलू नये. गाडगेबाबांनी मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून गोडाचे जेवण घातले आणि पुढे १९५६ साली देह ठेवीपर्यंत गावोगाव जत्रेतल्या पशुहत्येविरुद्ध कीर्तने केली. देवाला दुसऱ्याचा जीव देणे ही भक्ती नव्हे, हे त्या झाडूवाल्या बाबांनी सांगितल्यावर पुन्हा सांगायला नको.

दाण्याची हाक धरण्यासाठी वापरू नये. विकावीच लागली तर रात्री खुराड्यातून उचलावी, पण दाणा दाखवून धरू नये. कोणी म्हणेल, मरणाऱ्या जिवाला याने काय फरक? मागे राहिलेल्यांना पडतो, आणि आपल्याला पडतो. ज्या हाकेवर उद्या बाकीच्या येणार आहेत, ती हाक खरी राहिली पाहिजे.

आणि जिने आपल्या दारात वर्षानुवर्षे पिल्ले काढली, ती अंडी द्यायची थांबली की लगेच तिचा भाव विचारू नये. म्हाताऱ्या कोंबडीला लागते किती? मूठभर कण्या आणि पावसात आडोसा. याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या लेकीने, अहिल्यादेवींनी, पाखरांसाठी उभी पिके विकत घेऊन ठेवली होती, की दुसऱ्या शेतातून हाकललेल्या पाखरांना तेथे कोणी हाकलू नये. उन्हाळ्यात नांगराच्या बैलांना थांबवून त्यांची माणसे पाणी पाजीत. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या माळव्यावरच्या ग्रंथात हे नोंदविले आहे. राणीला शेत विकत घेता आले. आपल्याला एका म्हाताऱ्या कोंबडीच्या मुठीचा दाणा परवडतो.

राहता राहिला वारीचा प्रश्न. पंढरीला निघताना आपण घराची किल्ली शेजारणीला देतो, आणि सांगतो, "बाई, कोंबड्या तेवढ्या डालत जा गं सांजच्याला." यंदा त्यात एक वाक्य अधिक घालावे. घरातल्या पोरांनाही ते ऐकू जाईल असे सांगावे: "म्हातारी तुरेवाली विकायची नाही. पाहुणा आला तरी नाही, आखाड आला तरी नाही. मी आल्यावर मोजून घेणार आहे." पोरे हसतील, हसू द्यावीत. घरात माळ एकट्या आईच्याच गळ्यात असली, तरी आईचा शब्द मोडून कोंबडी कापणारा मुलगा निदान एकदा थांबून विचार करील. तेवढा विचार त्याच्या मनात आला, तर त्याचीही थोडी वारी झाली असे समजावे.

रामकृष्णहरी.